मधल्या कैचीखालची खुर्ची

“...आणि टेकू काढल्यावर?” सरांनी विचारलं.

“काढल्यावर काय, सर? कैच्या आपापला भार घेतील. छत मधे जरासं खाली येईल आणि थांबेल. किती येईल तेही काढून ठेवलंय.”

“थांबेल?”

“थांबेल.”

“आणि नाही थांबलं तर...”

संग्राम निकम हसला. हा प्रश्न तो कॉलेजात असल्यापासून ऐकत आला होता.

लोखंडी छतांच्या बाबतीत गजानन कोष्टी सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उभी हयात त्यांनी कारखान्यांची, गोदामांची, नाट्यगृहांची छतं आखण्यात आणि ते पोरांना शिकवण्यात घालवली. आणि तरीही, किंवा म्हणूनच म्हणा, माणूस कमालीचा भित्रा. लग्नाला गेले तर आधी छत बघणार, मग नवरा-नवरी. नाटकाला गेले तर कडेची खुर्ची मागून घेणार. पोरं पाठीमागे त्यांना ‘भित्रे सर’ म्हणत. हे नाव संग्रामनेच पाडलं होतं.

संग्राम हुशार होता. त्याला ते माहीत होतं, एवढीच काय ती अडचण.

त्याच्या गावी, कवठ्याला, मुलींच्या खो-खोसाठी क्रीडागृह उभं राहत होतं. खो-खोला मधे छताचा खांब चालत नाही. पाठलाग करणारी पोर पुढच्या पोरीकडे बघून पळते, समोर काय आहे तिकडे बघत नाही. म्हणून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळा पसारा लोखंडी कैच्यांनी पेलायचा होता. कैची म्हणजे पट्ट्यांचे त्रिकोण जोडून केलेली लांबच लांब तुळई. तिचा वरचा दांडा दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधल्या तिरक्या पट्ट्या दोघांचं भांडण मिटवत राहतात. इतक्या लांबीच्या कैच्या त्या तालुक्यात कुणी केल्या नव्हत्या. संग्रामने केल्या. आता त्या वर चढल्या होत्या, पत्रे बसले होते, फक्त खालून दिलेले टेकू काढायचे राहिले होते.

“गुरुवारी काढतोय,” संग्राम म्हणाला. “तुम्ही यायचंच. नारळ तुमच्या हातानं फोडायचा.”

सरांनी समोरच्या नकाशाची सुरकुती बोटाने सपाट केली. ती पुन्हा वर आली.

“मला भीती वाटते,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही एवढी छतं उभी केलीत. एक तरी पडलं का?”

“नाही.”

“मग भीती कशाची?”

“त्याचीच.”

संग्रामला त्यांची कीव आली. म्हातारपणी माणूस असाच होतो, त्याला वाटलं.

“तुला नाही वाटत?” सरांनी विचारलं.

“मला? अजिबात नाही. हवं तर टेकू काढताना मी स्वतः खाली उभा राहतो. मधोमध. मधल्या कैचीच्या बरोबर खाली.”

बोलून तो थांबला. शाबासकी येईल अशी त्याची अपेक्षा असावी.

“तू नको,” सर म्हणाले.

“का?”

“छत पडेपर्यंत तुझी मान ताठ राहील. आणि पडल्यावर विचारायला तू असणार नाहीस. मला त्यातून काय कळायचं?”

“मग उभं कुणी राहायचं?”

“तुझी आई कवठ्यातच असते ना?”

“हो...”

“तिला आण. एक खुर्ची टाक. कुठे टाकायची ते तू ठरव. ती बसली की टेकू काढायचे.”

संग्रामला आधी ती थट्टा वाटली. सरांच्या तोंडाकडे पाहिल्यावर तसं वाटेना.

“सर, हे नियमात बसत नाही. टेकू काढताना खाली माणूस ठेवायचा नसतो.”

“आणि तू मधोमध उभा राहणार होतास, ते बसत होतं?”

“माझी गोष्ट वेगळी. मी तिच्या जिवाशी कसा खेळू?”

“छत थांबेल म्हणालास.”

“थांबेल, सर,” संग्राम म्हणाला. या वेळी शब्द यायला थोडा वेळ लागला.

परत जाताना तो रागातच होता. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं त्याने गाडीत स्वतःलाच दोनदा सांगितलं. तरी ऑफिसात शिरल्या शिरल्या त्याने संगणक लावला आणि सगळा हिशेब पहिल्यापासून तपासला. वाऱ्याचा भार, पत्र्याचा भार, कैचीचं स्वतःचं वजन. सगळं ठीक होतं. संगणक ठामपणे सांगत होता. त्याचं काय जातं म्हणा, त्याला आई नाही.

रात्री कवठ्याला आईकडे जेवताना त्याने विषय काढला. ती नाही म्हणेल अशी त्याला आशा होती.

“येते की,” अनसूयाबाई म्हणाल्या. “तुजं छप्पर मला बगायचंच हाय. कंची साडी नेसू?”

संग्रामने हातातला घास ताटात ठेवला.

“बाईमाणसाचं काय काम तिथं,” तो म्हणाला. “ऊन असतं, धूळ असते.”

“आरं, तुजा बाप गेल्यापासनं उन्हातच राबले न्हवं का मी? येते म्हनलं ना.”

गुरुवारी सकाळी क्रीडागृहाबाहेर मंडळी जमली होती. समितीचे अध्यक्ष होते, दोन शिक्षिका होत्या, नारळाचं ताट होतं. आत मात्र बशीरभाई मुल्ला आणि त्यांचे गडी, एवढेच. कैच्या वर चढवण्याचं काम बशीरभाईंचं होतं. प्रत्येक कैचीखाली टेकू होते आणि प्रत्येक टेकूच्या बुडाशी जॅक होता. जॅकचं हँडल उलटं फिरवलं की टेकू हळूहळू खाली उतरणार आणि छत स्वतःच्या बळावर राहणार, किंवा न राहणार.

ऊन तापायला लागलं तसं वर पत्रे वाजू लागले. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्याच कोपऱ्यात, टक्.

लोखंड तापलं की वाजतंच. संग्रामने हे शंभरदा ऐकलं होतं. आज प्रत्येक आवाजाला त्याची नजर वर जात होती, आणि ती कुणी पाहिली का म्हणून लगेच खाली येत होती.

सर नेहमीप्रमाणे कडेला, भिंतीतल्या खांबाला हात टेकून उभे होते.

अनसूयाबाई आत आल्या. साडी हिरवी होती. दारातच थांबून त्यांनी वर पाहिलं आणि पदर सावरला.

“अगं बया! मदी खांबच न्हाई!”

“नाही, आई. नकोच असतो.”

“मग ह्ये धरलंय कुनी?”

एवढं शिकून संग्रामजवळ या प्रश्नाचं उत्तर होतं. ते न देता त्याने खुर्ची उचलली.

प्लास्टिकची खुर्ची होती, समितीने दिलेली. त्याने ती दाराशी टाकली. अनसूयाबाई बसल्या आणि म्हणाल्या, “हितनं काय दिसतंय? माज्या फुडं ह्यो गडी हुबा.”

त्याने खुर्ची उचलून पलीकडच्या भिंतीशी नेली. सरळ न जाता भिंतीच्या कडेने गेला. तिथे टाकली. थोडा वेळ खुर्चीकडे पाहिलं. मग वर पाहिलं. पुन्हा उचलली आणि मागच्या कोपऱ्यात नेली, तीही कडेकडेनेच.

“आरं, एक काय ती जागा ठरव,” अनसूयाबाई म्हणाल्या. “मला काय गौरीवानी हितनं तितं मांडतोयस?”

गडी हसले. संग्रामच्या पाठीला घाम फुटला होता. शर्ट चिकटला होता.

सर छताकडे बघत नव्हते. ते खुर्चीकडे बघत होते.

“मधली जागा मोकळी का ठेवलीस?” त्यांनी विचारलं.

“तिथे... वाऱ्याचा झोत येतो, सर. आईला संधिवात आहे.”

सरांनी उघड्या दारातून बाहेरच्या लिंबाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

मग त्यांनी खांबावरचा हात काढला. चपला तिथेच सोडल्या. आणि ज्या माणसाला कुणी कधी छताच्या मध्यावर पाहिलं नव्हतं, तो माणूस अनवाणी चालत मधल्या कैचीखाली गेला आणि फरशीवर मांडी घालून बसला.

सर भीत होते. ते लपवतही नव्हते. कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ कोरडे पडले होते.

“बशीरभाई,” ते म्हणाले, “काढा टेकू.”

बशीरभाईंनी संग्रामकडे पाहिलं.

“थांबा वो जरा,” अनसूयाबाई म्हणाल्या. “मास्तर एकलंच खाली बसल्यात, बरं दिसत न्हाई.” आणि त्यांनी स्वतःची खुर्ची स्वतः उचलली, थेट मधोमध आणली, सरांच्या शेजारी टाकली आणि बसल्या. “हितं झ्याक दिसतंय की! आन् वारं तर जरा बी न्हाई.”

टक्.

“काढा,” सर पुन्हा म्हणाले.

बशीरभाईंनी हँडलला हात घातला. हँडल जड चाललं. टेकूच्या डोक्याशी लोखंडावर लोखंड घासलं आणि एक बारीक, लांबट आवाज निघाला. ढोर हंबरण्याआधी घशात जसा आवाज येतो तसा.

“थांबा!”

तो आवाज आपलाच आहे हे संग्रामला नंतर कळलं. तोवर तो पळत मधे पोचला होता. त्याने आईचा दंड धरून तिला खुर्चीतून ओढलं. खुर्ची उलथली. अनसूयाबाई पडता पडता वाचल्या आणि पोराच्या तोंडाकडे बघत राहिल्या. एवढं पांढरं तोंड त्यांनी त्याचा बाप गेला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

सर उठले नाहीत.

“सर, उठा.”

“का?”

“आधी उठा. बाहेर चला.”

“का?”

“सर, पाया पडतो तुमच्या!”

“छत थांबेल म्हणालास.”

“मला माहीत नाही,” संग्राम म्हणाला.

“काय माहीत नाही?”

संग्रामने बोट वर केलं. मधल्या कैचीचा खालचा दांडा, अगदी मध्यावर. इतर ठिकाणी होता तोच तांबडा रंग तिथेही होता.

“तिथे सांधा आहे. माझ्या नकाशात तिथे सांधा नाहीये.”

“आणि संगणकात?”

“संगणकात ती रेघ सलग आहे.”

तेव्हा कुठे सरांनी हात पुढे केला. संग्रामने त्यांना उठवलं. दोघांचेही हात ओले होते.

झालं होतं ते असं. बाकीच्या कैच्यांचे भाग लांब ट्रेलरवरून आले होते. शेवटी राहिलेल्या या मधल्या कैचीच्या वेळी ट्रेलर मिळेना. कारखान्याने तिचा खालचा दांडा मध्यावर कापला, दोन तुकडे लहान ट्रकमध्ये घातले आणि पाठवून दिले. इथे जुळवायला घेतले तर मधे फट राहिली. बशीरभाईंनी संग्रामला फोन केला. संग्राम तेव्हा दुसऱ्या गावी एका बड्या बिल्डरबरोबर जेवत होता.

“तुमचं तुम्ही बघा,” तो म्हणाला होता. “पण शनिवारपर्यंत कैची वर गेली पाहिजे.”

आल्यावर त्याने सांधा पाहिला होता. वेल्डिंग जाड होतं, रेखीव होतं. त्याने त्यावर थाप मारली होती आणि बशीरभाईंना विचारलं काहीच नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

खालचा दांडा ताणात असतो, आणि मध्यावर सगळ्यात जास्त. हे त्याला कोष्टी सरांनीच शिकवलं होतं. परीक्षेत त्याने ते सुरेख आकृती काढून लिहिलंही होतं.

चढायला परांची बांधली. टेकू अजून जागेवर होते, म्हणून सांध्याला हात लावता येत होता. संग्राम स्वतः वर चढला. ग्राइंडर चालवायला बशीरभाईच होते, पण ते चालवेनात.

“साहेब,” ते म्हणाले, “आधी सांगतो. फट लय मोटी हुती. आमी सळीचा तुकडा घातला आन् वरनं वेल्डिंग मारलं. समदेच मारत्यात. वरनं कळत न्हाई.”

“मला का नाही सांगितलंत?”

“फोन क्येला हुता की, साहेब.”

संग्रामने मान हलवली आणि ग्राइंडर सुरू झाला.

ठिणग्या खाली फरशीवर पडत राहिल्या. आधी तांबडा रंग गेला, मग वेल्डिंगचा पापुद्रा गेला. पापुद्राच तो. त्याच्या आत पकड म्हणून काही नव्हतीच. सळीचा तुकडा आतल्या आत हलला, बशीरभाईंनी पटाशीचं टोक घातलं, आणि तुकडा निसटून खाली पडला. उलथलेल्या खुर्चीच्या शेजारी तो खणकन वाजला आणि घरंगळत अनसूयाबाईंच्या पायाशी गेला.

त्यांनी तो उचलला. गरम होता, म्हणून पदराने धरला.

“ह्येच्या भरवशावर बसलो हुतो व्हय आमी?”

संग्राम परांचीवरून उतरला आणि उतरल्या जागी बसला. त्याला आई दिसत होती, पण आईपेक्षाही दुसरंच काही डोळ्यांपुढून जाईना. एकीआड एक उलट तोंडं करून बसलेल्या पोरी, खो मिळाल्याबरोबर उठून पळणारी एक, भिंतीलगत कोंबून बसलेलं अख्खं गाव, आणि वर तांबड्या रंगाखाली तो पापुद्रा. मे महिन्यातलं एखादं वादळ पुरलं असतं. तो रडला. समितीचे अध्यक्ष दारातून डोकावले आणि काही न विचारता मागे फिरले.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

“सर, तुम्हाला कसं कळलं?”

“मला?” सर म्हणाले. “मला काहीच कळलं नव्हतं.”

“मग तिथेच का बसलात?”

“तू खुर्ची घेऊन त्या जागेला प्रदक्षिणा घालत होतास.”

“आणि मी थांबा म्हटलं नसतं तर?”

सरांनी चपला शोधल्या. त्या खांबाशी होत्या. एक पायात घातली, दुसरी घालायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

“तीच तर भीती होती,” ते म्हणाले.

नारळ त्या दिवशी फुटला नाही. संग्रामने स्वतः जाऊन समितीला सगळं सांगितलं, फोनवर काय बोललो तेसुद्धा. अध्यक्ष वाट्टेल ते बोलले. वर्तमानपत्रात नाव येईल, काम जाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. संग्रामने ऐकून घेतलं. त्यातलं बरंचसं खरं झालं. पुढची दोन कामं हातची गेली आणि गावात त्याला काही दिवस ‘सळी इंजिनियर’ म्हणत. गावाला नाव ठेवायला शिकवावं लागत नाही.

मधल्या कैचीचा खालचा दांडा काढून टाकला. नवा आणला, ट्रेलरवरून, सलग. बाकीच्या कैच्यांचे सांधेही एकेक करून तपासले. बाहेरून यंत्र घेऊन एक माणूस आला होता, पण यंत्राच्या आधी संग्राम स्वतः प्रत्येक सांध्याशी जाऊन बसायचा. बशीरभाई त्याच्याबरोबर चढायचे. दोघं फारसं बोलत नसत. एकदा बशीरभाई म्हणाले, “साहेब, आता आमच्या पोरांनी फट बगितली की आदी तुमचाच चेहरा आटवतोय,” आणि संग्राम त्यावरही हसला नाही.

मग एका सकाळी टेकू काढले. खाली जॅकवाल्यांशिवाय कुणी नव्हतं. हँडलं थोडी थोडी, एकदम, शिटीच्या तालावर फिरली. छत आलं तेवढं खाली आलं आणि थांबलं. संग्रामने काढून ठेवलं होतं तेवढंच. त्याने मोजणाऱ्याकडून आकडा दोनदा वदवून घेतला आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सर त्या दिवशी आले नव्हते. त्यांनी निरोप पाठवला होता की, मला बघवणार नाही.

ते आले ते पुढल्या वर्षी, दिवाळीनंतर.

दुपारची वेळ होती. पोरींचा सराव चालला होता. फरशीवर आता माती टाकलेली, पायांचा धबधब आवाज, शिक्षिकेची शिटी, आणि मधूनच ‘खो!’ अशी तारस्वरात आरोळी. सर कडेच्या पायरीवर बसले. संग्राम त्यांच्या शेजारी, पाय लांब करून, खांबाला पाठ टेकून. त्याचं बरं चाललं होतं. गेलेली कामं परत येऊ लागली होती. गाव जुनं नाव विसरलं होतं आणि नवं चांगलं नाव शोधत होतं.

“छान झालंय,” सर म्हणाले.

“तुमच्यामुळे, सर.”

सरांनी वर पाहिलं. पाहतच राहिले. बऱ्याच वेळाने नजर खाली आणली.

“गेल्या मेमधलं वादळ ऐकलं असेल तुम्ही,” संग्राम म्हणाला. “शाळेचे पत्रे उडाले. वेशीवरचं झाड पडलं. इथला एक पत्रा हलला नाही.”

“तेव्हा तू कुठे होतास?”

“इथेच, आत. सगळं संपेपर्यंत वर बघत उभा होतो. फार वाईट दिवस होते ते, सर. गेलं वर्षभर पाऊस आला की मी गाडी काढून इथे यायचो. आभाळ वाजलं की झोप उडायची. आई म्हणायची, लेकरा, डागतर तरी गाठ.”

“आणि आता?”

संग्रामने मोठा श्वास घेतला आणि सोडला. पोरींकडे पाहून तो मोकळेपणाने हसला.

“आता काही नाही. परवा एवढा अवकाळी पाऊस झाला, मी घरी झोपलो होतो. सकाळी उठल्यावर कळलं.” तो जरा थांबला. “भीती गेली, सर. एकदाची गेली.”

सर उठले.

गुडघ्यावर हात ठेवून, एका दमात उठले. दोन पायऱ्या उतरले आणि त्यांनी टाळी वाजवली.

“पोरींनो! खेळ थांबवा. बाहेर या. सगळ्या बाहेर या!”

शिक्षिकेची शिटी तोंडातच राहिली. पोरी जिथल्या तिथे थांबल्या. सरांचा आवाज असा होता की कुणी का म्हणून विचारलं नाही. एकीने दुसरीचा हात धरला आणि सगळ्या दाराकडे निघाल्या.

संग्राम ताडकन उभा राहिला होता. त्याची मान वर होती. पहिली कैची, दुसरी, मधली, खालचा दांडा, सांधे. नजर धावत होती आणि कुठे ठरत नव्हती.

“काय दिसलं, सर?”

सर दाराकडे बघत होते. शेवटची पोर बाहेर पडत होती.

“सर... कुठे? काय दिसलं तुम्हाला?”

शेवटची पोर उंबऱ्याबाहेर गेली. मग सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तूच आत्ता म्हणालास ना, भीती गेली म्हणून.”